अठरा ते बावीस : पोहणाऱ्या मुलींची हरवलेली वर्षे

नाशिकच्या रामकुंडाचे माप जुन्या गॅझेटियरमध्ये दिलेले आहे : ८३ फूट लांब, ४० फूट रुंद. १६९६ मध्ये ते बांधले गेले आणि पुढे गोपिकाबाई पेशव्यांनी त्याची दुरुस्ती करवली. अमेरिकेत महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय जलतरण स्पर्धा ज्या तलावात होते त्याची लांबी २५ यार्ड, म्हणजे ७५ फूट असते. रामकुंड त्याहून आठ फुटांनी लांबच भरेल. कुंड आणि शर्यतीचा तलाव यांची अशी तुलना कोणी गंभीरपणे करू नये हे खरे. पण पोहण्याच्या इतिहासाकडे पाहताना ती मला उपयोगी पडली. आपल्याकडे पाण्याची वाण नव्हती. गोदावरीला पूर आला आणि दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की पुलावरून सूर आणि मुटके मारणारी नाशिकची पोरे आजही वर्तमानपत्रांत छायाचित्रासह झळकतात. त्या छायाचित्रांत मुलगी सहसा नसते.

बायका पाण्याजवळ होत्याच. स्नानाला, धुण्याला, दिवे सोडायला, वाण द्यायला. मळ्याच्या विहिरीत पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेल्या आज्या आपल्यापैकी अनेकांच्या घरात होऊन गेल्या. पण न्हाण आले की त्यांचे पोहणे थांबे, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटतही नसे. पाण्यात कोणी, केव्हा आणि कशासाठी उतरायचे हे आपल्या समाजात नेहमीच ठरलेले होते. याच गोदाकाठी २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मंदिराप्रमाणे रामकुंडही अस्पृश्यांना बंद होते. मुंबईत ब्रीच कँडीचा तलाव दीर्घकाळ फक्त युरोपियनांचा होता, तर चौपाटीवरच्या प्राणसुखलाल मफतलाल तलावाच्या पूर्ण नावातच ‘हिंदू’ हा शब्द होता. तेव्हा स्त्रियांच्या जलतरणाचा इतिहास लिहायचा तर तो पदकांपासून सुरू करून चालत नाही. पाणी कोणाच्या ताब्यात होते तिथून तो सुरू करावा लागतो. माझा येथील प्रश्न मात्र त्याहून लहान आहे. एकदा मुलगी पाण्यात उतरली, जिंकूही लागली, तर ती कोणत्या वयापर्यंत पाण्यात राहते?

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारतातर्फे प्रथमच स्त्रिया उतरल्या. त्या चौघी होत्या. नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा धावपटू होत्या. डॉली नाझीर आणि आरती साहा जलतरणपटू. डॉली मुंबईची, आरती कलकत्त्याची. दोघींची गाठ आधीपासूनची होती, निदान कागदावर तरी. १९४८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा मुंबईत झाली तेव्हा आरतीने तिथे दोन रौप्यपदके आणि एक कांस्यपदक मिळवले होते, आणि तिचे वय तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. १९५१ मध्ये तिने १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये १ मिनिट ३७.६ सेकंद वेळ देऊन डॉलीचाच अखिल भारतीय विक्रम मोडला. हेलसिंकीला गेली तेव्हा ती बारा वर्षांचीही पूर्ण झालेली नव्हती. २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या प्राथमिक फेरीत तिने ३ मिनिटे ४०.८ सेकंद घेतली आणि तिथेच तिची स्पर्धा संपली.

आपल्या जलतरणाच्या कौतुककथांतली वये एका ओळीत मांडून पाहावीत. आरती साहा हेलसिंकीत अकरा वर्षांची. बुला चौधरी राष्ट्रीय स्पर्धेत चमकली ती नऊ वर्षांची असताना. आपल्या मुंबईच्या रुपाली रेपाळेने १९९४ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि त्या वर्षी मराठी घराघरांत तिचे नाव झाले. या मुलींचे धैर्य खोटे ठरवण्याचा प्रश्नच नाही. तरीही आपल्याला जलतरणात आवडते ते मूल, हे यातून दिसते. चिमुरडीने समुद्र पार केला की आपण हार घेऊन धावतो. तीच मुलगी वीस वर्षांची होऊन १०० मीटरमध्ये अर्ध्या सेकंदाने पुढे सरकली, तर ती बातमी क्रीडापानाच्या तळाशी जाते. आणि अर्धा सेकंद कमी करणे हे खाडी पार करण्याइतकेच अवघड काम असू शकते.

अपवाद आहेत. आरतीनेच २९ सप्टेंबर १९५९ रोजी, एकोणीस वर्षे पूर्ण झाल्यानंतर पाच दिवसांनी, १६ तास २० मिनिटांत इंग्लिश खाडी पार केली आणि असे करणारी ती पहिली आशियाई स्त्री ठरली. महिन्याभरापूर्वीचा तिचा पहिला प्रयत्न इंग्लंडचा किनारा पाचेक मैलांवर असताना सोडावा लागला होता. १९८७ मध्ये मुंबईच्या अनिता सूदने हेच अंतर ८ तास १५ मिनिटांत पार केले. ती वेळ आजही दचकायला लावते. पण या सगळ्या कथांत क्लब आहे, एखादा झपाटलेला प्रशिक्षक आहे, देणगीसाठी दारोदार हिंडणारे वडील किंवा हितचिंतक आहेत. विद्यापीठ त्यांत ठळकपणे कुठे येत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीच्या आयुष्यातली सर्वांत मोठी संस्था तिच्या पोहण्यात जवळपास गैरहजर आहे.

अमेरिकेत नेमके याच्या उलट घडले, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तिथेही फार काळ आपल्यासारखेच होते.

ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे जलतरण १९१२ मध्ये स्टॉकहोमला सुरू झाले. त्या वर्षी अमेरिकेने एकही जलतरणपटू मुलगी पाठवली नाही, कारण तिथल्या क्रीडासंघटनेच्या धुरीणांना ते शोभणारे वाटत नव्हते. १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्ले इंग्लिश खाडी पार करणारी पहिली स्त्री ठरली आणि तिने तोवरच्या सर्व पुरुषांपेक्षा कमी वेळ घेतला, तरी महाविद्यालयांच्या कारभारावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. मुलींना कॉलेजात पोहायला शिकवत, आरोग्यासाठी, डौलासाठी. शर्यत लावणे अशिष्ट समजले जाई. गंमत म्हणजे हे मत पुरुषांइतकेच तिथल्या शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या बायकांचेही होते. पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळातला पैसा, खेळाडूंची पळवापळवी, अभ्यासाची हेळसांड त्यांनी जवळून पाहिली होती आणि आपल्या मुलींना त्यातून वाचवायचे होते. त्यांचा हेतू चांगला होता. किंमत मुलींनी मोजली.

ती किंमत किती, हे डोना डी वरोना या मुलीकडे पाहिले की कळते. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडली गेली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. १९६४ मध्ये टोकियोत तिने ४०० मीटर वैयक्तिक मेडले आणि रिलेमध्ये सुवर्णपदके मिळवली. त्याच स्पर्धेत डॉन शॉलँडर या मुलाने चार सुवर्णपदके जिंकली. शॉलँडर येल विद्यापीठात गेला, तिथल्या संघातून पोहत राहिला आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पुन्हा पदके घेऊन आला. डोनाही विद्यापीठात गेली, पण तिच्यासाठी तिथे शिष्यवृत्ती नव्हती आणि झुंजायला संघही नव्हता. सतरा-अठराव्या वर्षी, दोन ऑलिंपिक सुवर्णपदके गळ्यात असताना, तिचे स्पर्धात्मक पोहणे संपले. नाशिक, पुणे, कोल्हापूर कुठेही दहावीनंतर तलाव सोडणाऱ्या मुलीची गोष्ट याहून वेगळी नाही. फक्त हिच्याकडे ऑलिंपिक पदके होती.

डोना पुढे दूरचित्रवाणीवर खेळांचे वार्तांकन करू लागली आणि स्त्रियांच्या क्रीडाहक्कांसाठी वॉशिंग्टनला खेटे घालू लागली. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत जो कायदा झाला तो ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखला जातो. त्याचे मूळ वाक्य इंग्रजीत सदतीस शब्दांचे आहे आणि त्यात ‘खेळ’ हा शब्दच नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच ते म्हणते. खेळ हा शिक्षणाचा भाग आहे, म्हणून तोही त्यात आला. हा तर्क किती दूर जाईल, हे कायदा करणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच कळले असावे.

मुलींची महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धा मात्र कायद्याच्या थोडी आधीच रांगू लागली होती. शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिकांनी आपला जुना संकोच बाजूला ठेवून १९७१ मध्ये स्त्रियांच्या आंतरमहाविद्यालयीन खेळांची स्वतःची संघटना स्थापन केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एआयएडब्ल्यू म्हणत. ती बायकांनी चालवलेली, बायकांसाठीची संघटना होती, आणि सुरुवातीला तिने क्रीडा शिष्यवृत्तीला बंदी घातली होती. शिष्यवृत्ती आली की बाजार येतो, ही जुनी भीती. १९७३ मध्ये काही टेनिस खेळाडू आणि त्यांच्या प्रशिक्षक न्यायालयात गेल्या तेव्हा ही बंदी उठली. त्याच वर्षी फ्लोरिडातील मायामी विद्यापीठाने मुलींना क्रीडा शिष्यवृत्त्या देण्यास सुरुवात केली आणि त्यांतली पहिली लिन जेनेस्को या जलतरणपटूला मिळाली. अमेरिकेत खेळाच्या जोरावर विद्यापीठात शिकलेली पहिली मुलगी पोहणारी असावी, हे मला उगाच नाही वाटत. १९७५ आणि १९७६ चे विजेतेपद मायामीनेच पटकावले. पैसा आला आणि दोन वर्षांत निकाल दिसला, असे सरळ गणित इतिहासात क्वचितच मांडता येते.

याच काळात पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळांची बलाढ्य संघटना, एनसीएए, या कायद्याला विरोध करत होती. मुलींवर खर्च करावा लागला तर मुलांचा फुटबॉल बुडेल, हे तिचे म्हणणे. कायदा हटत नाही असे दिसल्यावर तिने पवित्रा बदलला आणि मुलींच्या स्पर्धा स्वतःच भरवायचे ठरवले. त्यामुळे १९८२ च्या मार्चमध्ये एकाच खेळाच्या दोन राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. जुन्या संघटनेची टेक्सासात झाली, तिथे टेक्सास विद्यापीठ जिंकले. नव्या संघटनेची फ्लोरिडात झाली, तिथे फ्लोरिडा विद्यापीठ जिंकले. नव्या संघटनेकडे पैसा आणि दूरचित्रवाणी होती. जुनी संघटना कोर्टात गेली, हरली आणि बंद झाली. प्राध्यापिकांनी दहा वर्षे वाढवलेली स्पर्धा आयती दुसऱ्याच्या हाती गेली. १९७२ च्या सुमारास तिथल्या मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना स्त्री प्रशिक्षक होत्या. नंतरच्या काळात हे प्रमाण निम्म्याच्या खाली आले. मुली वाढल्या, त्यांना शिकवणाऱ्या बायका घटल्या. त्या विजयाचा जमाखर्च मांडताना ही दुसरी बाजू सहसा गाळली जाते.

पण मुलींचे काय झाले? १९८२ च्या त्या पहिल्या फ्लोरिडा संघात ट्रेसी कॉल्किन्स होती. १९८० साली ती सतरा वर्षांची, जगातली सर्वोत्तम अष्टपैलू जलतरणपटू होती. आणि नेमका त्या वर्षी अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. १९६४ ची पद्धत असती तर ट्रेसीची कथा तिथेच संपली असती. ती विद्यापीठाच्या संघात पोहत राहिली, दर मार्चला राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला एकविसाव्या वर्षी तीन सुवर्णपदके घेऊन बाहेर पडली. डोना आणि ट्रेसी यांच्यात गुणांचा फरक फारसा नसावा. फरक चार वर्षांच्या एका संघाचा होता.

संघ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. जलतरण आपण एकट्याचा खेळ समजतो. त्या स्पर्धेत प्रत्येक शर्यतीत पहिल्या सोळा मुलींना गुण मिळतात : पहिलीला २०, दुसरीला १७ आणि असे उतरत सोळावीला १. रिलेला दुप्पट. सूर मारण्याच्या तीन प्रकारांचे, म्हणजे एक मीटर आणि तीन मीटर फळी आणि उंच मनोऱ्यावरून, गुण त्याच बेरजेत धरतात. म्हणून तिथे जलतरण आणि डायव्हिंग यांची नावे जोडून येतात. सोळाव्या क्रमांकाच्या मुलीचा एक गुणही विद्यापीठाला हवा असतो, त्यामुळे कधीच राष्ट्रीय विजेती न होणारी मुलगीही बावीस वर्षांची होईपर्यंत तलावात टिकते. आपल्याकडे पहिली तीन पदके सोडली तर चौथीला घरी जाण्यावाचून काम उरत नाही.

आता आपल्या विद्यापीठांकडे येऊ. आंतरविद्यापीठ मंडळ १९२५ मध्ये स्थापन झाले. तेच आजचा भारतीय विद्यापीठ संघ. त्याच्या छत्राखाली दरवर्षी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ जलतरण, डायव्हिंग आणि वॉटर पोलोच्या स्पर्धा होतात, आणि मुलींच्याही होतात. म्हणजे अमेरिकेत जे भांडून मिळवावे लागले त्याचा सांगाडा आपल्याकडे तयार आहे. २०२० च्या फेब्रुवारीत भुवनेश्वरला ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ क्रीडास्पर्धा सुरू झाली, तीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या साध्वी धुरीने सुवर्णपदके मिळवली. मराठी मुली पोहत नाहीत असे कोणी म्हणू नये. डायव्हिंगमध्ये तर सोलापूरच्या ऋतिका श्रीरामने राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत महाराष्ट्रासाठी पदके मिळवली आहेत. समुद्रापासून इतक्या लांबच्या, पाणीटंचाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरातून सूर मारणाऱ्या मुली याव्यात, हे पाहिले की पाण्यापेक्षा फळी आणि प्रशिक्षक महत्त्वाचे, हे कळते.

नाशिकची स्थिती मात्र चमत्कारिक आहे. इथे उच्च शिक्षण जुने आहे : हंप्राठा महाविद्यालय १९२४ चे. ते आधी मुंबई विद्यापीठाचे होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झाल्यावर तिकडे गेले. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आले, १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ. या दोन्हींची मुख्यालये नाशिकातच आहेत. आता समजा, नाशिकच्या एकाच तलावात तीन मैत्रिणी शाळेपासून एकत्र पोहत मोठ्या झाल्या. बारावीनंतर एक वाणिज्य शाखेला गेली, एक वैद्यकीयला आणि एक नोकरी करत मुक्त विद्यापीठात. तिघी तीन विद्यापीठांच्या झाल्या. रिलेला चौघी लागतात. पहिलीला आधी महाविद्यालयाकडून, मग नाशिक विभागातून, मग आंतरविभागीय फेरीतून पुण्याच्या संघात शिरायचे आहे. दुसरीचे विद्यापीठ नाशिकचे, पण तिचे संघसहकारी नागपूरपासून सिंधुदुर्गापर्यंत विखुरलेले. ते एका तलावात एकत्र सराव करणार कधी? राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच्या काही दिवसांच्या शिबिरात जेवढे जमेल तेवढेच. अमेरिकेतल्या मुलीला चार वर्षे रोज मिळते ते आपल्या मुलीला आठवडाभर मिळते.

त्यात थंडी. आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम पावसाळा संपल्यावरचा, आणि नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली जातो हे आपण दर डिसेंबरात वाचतो. उघड्या तलावात पहाटे साडेपाचला उतरणाऱ्या मुलीचे कौतुक करायचे की काळजी, हे तिच्या आईलाच विचारावे.

दहावी-बारावीच्या क्रीडागुणांचाही इथे उल्लेख करायला हवा. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलांना परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. योजना चांगली आहे आणि तिच्यामुळे कित्येक मुली दहावीच्या वर्षातही तलावावर टिकतात. पण घरच्या हिशेबात पोहणे गुणांसाठी आहे असे एकदा ठरले की गुण मिळाल्यावर पोहण्याचे कारण उरत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण २००५ पासून आहे; तेथवर पोचायला मधली पाच-सहा वर्षे पाण्यात राहावे लागते, आणि ओसाड आहेत ती नेमकी तीच वर्षे. पोशाखाचा प्रश्न असतो, मासिक पाळीबद्दल पुरुष प्रशिक्षकाशी बोलण्याचा संकोच असतो, ‘आता लग्नाचं बघायला हवं, केस आणि रंग खराब होतो’ हेही असते. यांतले काहीही नवीन नाही. प्राध्यापिकांची एखादी संघटना आपल्याकडे झाली असती तर या गोष्टी निदान टेबलावर आल्या असत्या.

२०२३ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत महाराष्ट्राच्या वीरधवल आणि ऋजुता खाडे या पती-पत्नींनी आपापल्या गटात ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. दोघांचेही कॉलेजचे वय केव्हाच मागे पडले होते. कोल्हापूरचा वीरधवल सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला होता, पुढे तहसीलदार झाला, काही वर्षे पाण्याबाहेर राहिला आणि परत आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्याचे कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले. ऋजुताचे पदक त्याच्या बातमीत जोडीने छापले गेले. ते वेगळे छापायला हवे होते, कारण भारतात त्या वयाची मुलगी पन्नास मीटरच्या शर्यतीत पहिली येणे ही पुरुषाच्या पुनरागमनापेक्षा दुर्मीळ घटना आहे.

नाशिकला त्र्यंबक रस्त्यावर महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव आहे. आपल्या गावोगावच्या पालिका तलावांवर फलक लावलेला असतो, त्यावर बॅचच्या वेळा असतात. पहाट आणि संध्याकाळ सर्वसाधारण. ‘फक्त महिला’ बहुधा उन्हे वर आल्यावर किंवा दुपारी, जेव्हा घरकाम उरकलेल्या बाईला सवड असते. ज्यांच्यासाठी ही सोय केली त्यांना ती हवीच आहे. पण त्या वेळी विद्यापीठाच्या संघात जाऊ पाहणारी मुलगी प्रयोगशाळेत उभी असते. तिला हवी आहे ती पहाटेची एक मार्गिका, पन्नास मीटरची, रोज दोन तास.